शालनच्या टाकीत किती मासे

दुपारचे अडीच वाजलेत. श्रीपती शेवाळे कॉटवर आडवा होतो आणि भिंतीकडे तोंड करतो. पाठीमागे टेबलावर शालनची माशांची टाकी आहे. आज तिच्याकडे बघायचं नाही, असं त्यानं ठरवलंय. पाच वाजता माशांच्या दुकानातला रियाज येऊन ती घेऊन जाणार आहे.

शालनला, त्याच्या बायकोला, जाऊन पाच महिने झाले. तिच्या टाकीत दोन एंजल मासे होते, तळहाताएवढे. ती गेल्यावर महिन्याभरात त्यातला एक मेला. दुसरा दिवसभर कोपऱ्यात उभा राहायचा. ते श्रीपतीला बघवेना. तो रियाजकडून मासे आणू लागला, प्रत्येक जातीचे दोन. "मामा, हे सहा-आठ घ्यावे लागतात, घोळक्यात राहतात," असं रियाज बजावायचा. पण आहेर असो की ओटी, चांगलं ते जोडीनं द्यायचं, एवढंच श्रीपतीला ठाऊक. जोडीतला एक मेला की उरलेल्याला तो नवा सोबती आणायचा. असे एकोणीस मासे त्यानं परसात जास्वंदीखाली पुरले. आता एंजल आणि दोन बारके पट्टेवाले मासे, एवढेच उरलेत. काल एंजलचे पर कुरतडलेले दिसले आणि त्यानं रियाजला फोन केला. शालनचं जितंजागतं असं हे एकच राहिलंय. ते आपल्या हातानं मरायला नको.

हवेचा पंप घरघरतो. डोळे जड होतात. घरघर वाढत जाते, आणि गाडी पाटणच्या रस्त्याला लागते.

श्रीपतीच्या अंगात कंडक्टरचे खाकी कपडे आहेत, हातात तिकिटांची पेटी. गाडीत खिडक्यांपर्यंत पाणी आहे, पण कुणी भिजत नाही. पहिल्या सीटवर शालन बसलीय, पदर खोचून.

"तिकीट," तो म्हणतो.

"बायकोकडं तिकीट मागताय?"

"मग पास दाखव."

"अडतीस वर्षं तुमचे डबे भरले, तोच पास. गाडीत माणसं किती घेता?"

"बसून चव्वेचाळीस, उभी अकरा."

"आणि बारावा चढला तर?"

"उतरवतो. तुझ्या भावाला उतरवलं होतं की, उंब्रजला."

"दिवाळीपर्यंत बोलला नव्हता तो." ती हसते. ते हसू त्यानं किती दिवसांत ऐकलेलं नाही. "मग माझ्या अडीच फुटी टाकीत का दामटत होता?"

समोर आता सीट नाही, स्वयंपाकघरातला ओटा आहे. शालन सूप घेऊन तांदूळ निवडतेय. सुपात तांदूळ नाहीत, त्यानं आणलेले आणि टाकीतनं गेलेले मासे आहेत, आणि ते हलताहेत. ती एकेक बोटानं बाजूला सारते.

"हे निळे बारके. एंजलच्या तोंडात मावतात ते. तोंडात मावतो तो कसला सोबती हो? त्यानं जेवण समजून खाल्ले."

"मला वाटलं, पळून गेले."

"टाकीतनं? कुठं, मलकापूरला?" ती पुढे निवडते. "हे सोनेरी. ह्यांना गार पाणी लागतं. तुम्ही हीटरच्या पाण्यात घातले. घाणही फार करतात. आणि हे गप्पी. ह्यांच्या झुबकेदार शेपट्या पट्टेवाल्यांनी खाल्ल्या."

"पट्टेवाले वाईटच."

"वाईट नाहीत. आठ-दहा असले की आपसात दंगा करत बसतात. दोघंच असले की दुसऱ्याच्या मागं लागतात."

"म्हणजे दोघं पुरत नाहीत?"

"त्यांना नाही पुरत."

"मग आणखी सहा आणतो."

"बसवणार कुठं? आणि एंजलच्या लांब परांजवळ ते नकोतच." ती सूप बाजूला ठेवते. "तळाला फिरणारे गरीब मासे असतात, ते पाच आणा. पण लगेच नाही. महिनाभर पाणी बसू दे. थोडं थोडं बदला, बादलीत रात्रभर ठेवलेलं घाला. नळाचं थेट नको."

"तोवर तो एकटाच?"

"राहतो तो एकटा. त्याला कोपरा हवा, आणि कुणी कुरतडायला नको."

श्रीपती ओट्याच्या कडेला हात टेकतो. पाणी आता छातीपर्यंत आहे.

"मला एकट्याला नाही राहवत, शालन."

ती पदराला हात पुसते.

"ठाऊकाय मला," ती म्हणते.

ती उठते, खिळ्यावरची चहाची गाळणी घेते आणि गाडीच्या दाराकडे निघते.

"आता कुठं?"

"ह्या दोघांना उतरवते." ती घंटीची दोरी ओढते.

घंटी वाजते. पुन्हा वाजते. श्रीपती डोळे उघडतो. पाच वाजलेत, दारावरची बेल वाजतेय.

तो उठतो आणि टेबलापाशीच थांबतो. टाकीचं झाकण बाजूला काढलेलं आहे. शेजारी स्टीलचं पातेलं, त्यावर ओली गाळणी. पातेल्यात दोन पट्टेवाले फिरताहेत. टाकीत एकटा एंजल, मधोमध, पर पसरून.

श्रीपती आपल्या बाह्या चाचपतो. दोन्ही मनगटापर्यंत कोरड्या आहेत. दाराला आतून कडी आहे. ती तोच काढतो.

"मामा, रिक्षा थांबवलीय," रियाज म्हणतो. "टाकीतलं पाणी काढलं का?"

"टाकी राहू दे. हे दोघं ने." तो पातेलं त्याच्या हातात देतो. "ह्यांच्यातले किती आहेत तुझ्याकडं?"

"असतील वीसेक."

"मग त्यांच्यात सोड." श्रीपती क्षणभर पातेल्याची कड धरून राहतो. "आणि पातेलं कुणाबरोबर धाडू नको. तू ये. बसून चहा घेऊ."