बैलांच्या रंगात रंगलेली मोटार
रॉकेल आणि तेलरंगाचा वास एकत्र आला की माझं डोकं अजूनही तापतं. पिंपळगाव राजाला आमच्या गोठ्यात एक खिळखिळी मोटार होती, बदली होऊन जाताना बुलढाण्याच्या एका गोऱ्या साहेबानं वडिलांना देऊन टाकलेली. मी आणि माझ्या मित्रानं तिचं छप्पर आणि मडगार्ड काढून फेकली, वर्षभर काचकागदानं घासून बॉनेटचा रंग उतरवला आणि तो कोरा, चकचकीत पत्रा बघायला खामगावहून शौकीन यायला लागले. पोळ्याच्या दुपारी गोठ्यात येतो तर बॉनेटवर लाल-हिरवे पट्टे, दिव्यांना बेगड! बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग घेऊन आमचा म्हातारा सालदार गडी आणखी एक पट्टा ओढत होता. "कोणं सांगतलं बे तुले?" मी ओरडलो. तो हसतच म्हणाला, "मालक, आज साऱ्यायले सजवलं, हे एकटीच उघडी दिसून राह्यली होती." मी त्याच्या हातात रॉकेलचा डबा कोंबला. "सारं निंघल्याशिवाय उठू नको इथून!" तो घासत बसला. वेशीवर वाजंत्री वाजली, गावाचे बैल तोरणाखालून गेले. पण आमची जोडी त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे, म्हणून ती झूल पांघरून दाव्यालाच उभी राहिली. त्यानं एकदाच तिच्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "तिकडं काय पाह्यतं? कोपऱ्यात लाल राह्यलं." मोटार पुढं भंगारात गेली. माझं हे वाक्य मात्र कानातून जात नाही, आणि वाटतं, तेव्हा असं बोलणाऱ्या त्या टोणग्याच्या थोबाडीत कुणी का नाही मारली?