गोल्फ नसलेला स्टॉल

तव्यावर कॉफीचे दाणे तडतडले, की मला अमरावतीच्या मैदानावरचं ते पर्यटन प्रदर्शन आठवतं. चिखलदऱ्यातल्या, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या आमच्या दोन खोल्यांसाठी आम्ही मायलेकींनी पहिल्यांदाच स्टॉल घेतला होता. शेजारच्या गोल्फ रिसॉर्टवाल्यांनी हिरवागार गालिचा अंथरला होता, त्यामुळे सगळी गर्दी तिकडेच. दुपारी आईनं शेगडी पेटवून घरची कॉफी भाजायला घेतली. वासानं एक ट्रॅव्हल एजंट वळला. "तुमच्याकडे गोल्फ आहे?" आई म्हणाली, "नाई. धुकं हाय. बसा, कॉफी पेल्याबिगर जाऊ नोका." दुसरा कप संपवून त्यानं दोन्ही खोल्या हंगामभरासाठी मागितल्या. मी हो म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "आधी येऊन पाहा, मंग बोला." आठवडाभरात तो खरंच आला. आजही त्याच्या पाहुण्यांना मी आधी खुर्ची देते, कॉफी देते. खोल्या नंतर दाखवते.