अकरा ग्रॅम जास्त

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यात एकही वस्तू एका फेरीत विकत घेतलेली नाही, आणि यापुढे घेतील अशी आशा त्यांच्या घरच्यांनीही सोडली आहे. चाकणच्या एका कंपनीत बत्तीस वर्षं ते बाहेरून आलेला माल तपासायचे. तपासायचे म्हणजे मुख्यतः नापास करायचे. माल पास झाला की हिरवी चिठ्ठी, नापास झाला की लाल, आणि काकांच्या खिशात हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा म्हणे वर्षानुवर्षं तसाच राहायचा. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांचं ओळखपत्र जमा करून घेतलं, पण ही सवय काही गेटवर ठेवून घेतली नाही. मोशीच्या बाजारात पडवळ सरळ नाही म्हणून परत करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या लिफ्टमध्ये ‘सहा माणसे’ असं लिहिलंय, तर काका आत शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी “जयभीम” म्हणतात आणि लगेच वजन विचारतात. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी तेव्हापासून जिन्यानेच जातात, आणि त्यांचं चार किलो वजन उतरलं याचं श्रेयही काकाच घेतात.

गेल्या वर्षी सोसायटीने पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये पांढरे पट्टे मारले, मध्ये जाळी लावली आणि पिकलबॉल सुरू केला. भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू आणि तो मारायला पॅडल नावाची चपटी फळी, एवढंच त्याचं भांडवल. आयटीवाल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी महागडी कार्बनची पॅडलं मागवली. मी सेलमध्ये लाकडाची जोडी घेतली आणि मोठ्या उत्साहाने काकांना दाखवायला गेलो. त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “हे पॅडल नाही राव, पोळपाट हाय. घरात द्या, पोळ्या बऱ्या होतील.” मी दुखावलो, पण आठवड्याभरात कोपर धरून त्यांच्याच दारात उभा राहिलो. मग त्यांनी मला बसवून सगळं नीट सांगितलं. आपल्यासारख्यांनी तीन हजारांच्या वर जायचं नाही. महागातला कार्बन चेंडूला फिरकी द्यायला, आणि आपल्याला फिरकी देऊन कुणाचं डिपॉझिट जप्त करायचं नाही, तेव्हा फायबरग्लास बास. जाडी सोळा मिलिमीटर बघायची, म्हणजे हादरा आतच जिरतो. वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. आणि मूठ बारीक. या बारीक मुठीवर त्यांचा फार जीव. पिंपरीच्या दुकानात ते प्रत्येक पॅडलच्या मुठीला दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजायचे. काकांचा स्वतःचा पंजा फावड्याएवढा, त्यांना बारीक मूठ कशाला हवी, हे मला कळेना. दुकानदाराला तर काहीच कळेनासं झालं होतं. सातव्या फेरीला तो हात जोडून म्हणाला, “काका, घ्यायचं नसेल तर राहू द्या, पण निदान एकदा चहा तरी घ्या.” काकांनी चहा घेतला आणि तो गोड आहे म्हणून अर्धा ठेवला.

त्या मुठीचं कोडं काकूंनी उलगडलं. काकू महाळुंग्याला गाड्यांच्या वायरी बांधायच्या कामावर होत्या. वीस-बावीस वर्षं तेच ते मनगट वळवून वळवून उजवा हात कायमचा दुखरा झालेला. पोरं लहान असताना घरात कुणीतरी हवं, म्हणून दोघांनी मुद्दाम उलट्या शिफ्ट मागून घेतल्या होत्या. काका पहिल्या शिफ्टवरून दुपारी मोशीच्या चौकात कंपनीच्या बसमधून उतरायचे आणि काकूंची बस तिथूनच सुटायची. मध्ये चार मिनिटं मिळायची. त्या चार मिनिटांत घराची किल्ली या हातातून त्या हातात जायची आणि “डाळ गॅसवर आहे, धाकटीला ताप आहे” एवढं बोलणं व्हायचं. काकू हसत सांगायच्या, “आमचा संसार बसस्टॉपवर झाला बघा. लग्नाच्या वेळी मला तेवढं यांनी न मोजता पास केलं, आणि नंतर बघायला वेळच मिळाला नाही.” दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. त्याच सुमारास खाली ते पिकलबॉलचं कोर्ट झालं, आणि काकू म्हणाल्या, “आता दोघं मिळून काहीतरी खेळू की.” त्या दिवसापासून काकांची शोधमोहीम चालू होती. ते त्या दुखऱ्या मनगटासाठी पॅडल शोधत होते.

आणि एक दिवस ते सापडलं. वजन, जाडी, मूठ, सगळं मापात. काकांनी पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. आता दुसऱ्या कुणी ते काकूंच्या हातात दिलं असतं. पण कारखान्यात जो नग अगदी बरोबर उतरतो त्याला मास्टर पीस म्हणतात. तो कधी वापरत नाहीत, कपाटात जपून ठेवतात आणि बाकीचे नग त्याच्याशी ताडून बघतात. काकांनी बत्तीस वर्षं तेच केलं होतं, तेच पुन्हा केलं. पॅडल कपाटात गेलं. “अगदी असंच दुसरं मिळालं की दोघं एकदमच सुरू करू,” ते म्हणाले. दुसरं आलं, ते अकरा ग्रॅम जास्त निघालं. काकांनी मुठीवर पेनाने ‘+११’ लिहिलं, लाल चिठ्ठी बांधली आणि परत करायला गेले. लिहिलेला माल दुकानदार कशाला घेतोय! तिसरं कडेला खडबडीत होतं, चौथ्याची मूठ जाड. असे चार महिने गेले. आम्ही पोळपाट घेऊन खेळत होतो आणि काकू रोज संध्याकाळी कोर्टाशेजारच्या बाकावर बसून बघत होत्या. “द्या की हो ते कपाटातलं. मला काय ऑलिंपिकला जायचंय का?” असं त्या म्हणायच्या. “थांब गं, मी बघायलोय ना,” असं काका म्हणायचे. आम्ही हसायचो. आज वाटतं, आमच्यापैकी कुणीतरी ते कपाट उघडायला लावायला हवं होतं.

मग नाशिकहून लेकीचा फोन आला. बाळ चार महिन्यांचं, तिची रजा संपलेली, जावयाची नोकरी फिरतीची. इकडे मोशीत मुलगा आणि सून दोघं कंपनीत, नातू पहिलीत. एका घरी एक, दुसऱ्या घरी एक, असं वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काकू दोन दिवसांत बॅग भरून नाशिकला गेल्या. त्या संध्याकाळी काका कोर्टावर आले आणि काकूंच्या बाकावर बसले. मी शेजारी जाऊन बसलो. मग ते म्हणाले, “कंपनीत अकरा ग्रॅमसाठी लाइन थांबवली तर साहेब शाबासकी द्यायचा. इथं पण थांबवली राव मी. चार महिने.”

आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोघांची बदली होते. एका महिन्यात काकू नाशिकहून येतात आणि त्याच दुपारी काका नाशिकला जातात, पुढच्या महिन्यात उलट, आणि भेट होते ती मोशीच्या त्याच चौकात. परवा काकांना स्कूटरवरून सोडायला मी गेलो होतो. त्यांच्या बॅगेतून दोन मुठी बाहेर डोकावत होत्या. जडवाल्या पॅडलची लाल चिठ्ठी गेली होती आणि तिथे हिरवी बांधलेली होती. खाली काकांची सही. मी बघतोय हे पाहून ते ओशाळले. “काम अडत असलं तर थोडा कमी-जास्त माल चालवून घेतात,” ते म्हणाले, “मी नोकरीत कधी घेतला नव्हता.”

काकू उतरल्या. काकांनी घराची किल्ली दिली, मग ते मास्टर पीस दिलं. काकूंनी ते हातात तोलून पाहिलं, मनगट हळूच वळवलं आणि म्हणाल्या, “लागत नाही हो काहीच.” काकांनी खिशातून चेंडू काढला. बसस्टॉपच्या पत्र्याखाली, रिक्षावाल्यांच्या देखत, ते दोघं खेळायला लागले. एक, दोन, तीन. चौथा काकांचा सुटला. त्यांनी वाकून चेंडू उचलला तोच नाशिकची बस आली, आणि ते तसेच धावत चढले. खिडकीतून त्यांनी ते जड पॅडल हलवलं. काकू बस दिसेनाशी होईपर्यंत हात वर करून उभ्या होत्या.

संध्याकाळी काकू पॅडल घेऊन खाली आल्या. पिशवी उलटीसुलटी केली, पदर झटकला आणि मग माझ्याकडे पाहून हसल्या. चेंडू काकांच्या मुठीत नाशिकला गेला होता. बत्तीस वर्षांत काहीही नजरेतून न सुटलेल्या माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं. मी माझा चेंडू पुढे केला.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या, “ते आणतील की.” आणि पॅडल मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या.