वाळूवरची येळवस

घरात काही सांडलं, फुटलं, बिघडलं की अण्णा म्हणायचे, “माझंच चुकलं.” दूध उतू गेलेलं असायचं चुलीवर, काकू असायची दारात शेजारणीशी बोलत, आणि अण्णा रानातून येऊन अंगणात पाय धूत असायचे. तरी तसेच ओल्या पायांनी आत डोकावून म्हणायचे, “माझंच चुकलं. येता येता जरा चुलीकडं बगाय पायजे होतं.” काकूचा राग मग तिथल्या तिथे विझायचा. ती आम्हाला सांगायची, “ह्येंच्यासंगं भांडावं तरी कसं? तोंड उघडायच्या आत हरत्यात.”

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या गावची, दुबलगुंडीची शेती तेच बघायचे. माझे वडील नोकरीमुळे गावोगाव फिरत, म्हणून माझं अर्धंअधिक बालपण अण्णांकडेच गेलं. पीयूसीला, म्हणजे बारावीला, गणितात माझी दांडी उडाली तेव्हा वडील तावातावाने गावी आले. मी कोठीत लपले होते. बाहेरून अण्णांचा आवाज आला, “पोरीला बोलू नगंस. तिला म्हशीमागं मीच धाडायलो होतो. अभ्यासाला येळ कुठनं मिळनार? माझंच चुकलं.” खरं सांगायचं तर त्या अख्ख्या वर्षात मी म्हशीमागे फार तर दोनदा गेले असेन, आणि दोन्ही वेळा म्हैस एकटीच घरी परत आली होती.

एकदा सरपंचांच्या जावयाने आमच्या उभ्या बैलगाडीवर मोटारसायकल आणून आदळली. गाडीचं जू मोडलं, जावयाचा गुडघा फुटला. गुडघ्यावर हळद दाबत अण्णा त्यालाच समजावत होते, “माझंच चुकलं, जावईबापू. गाडी मी तितं कामून सोडलो?” जावई लंगडत लंगडत, पण मोठ्या दिमाखात गेला. सगळ्या गावाला हसू आलं, आम्हालाही आलं. पण हळूहळू आम्हाला त्याची सवय लागली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरातला कुठलाही दोष नेऊन टाकायला अण्णा ही आमची हक्काची जागा झाली होती.

पुढे मी कलबुर्गीत बँकेत लागले, अण्णांचा मुलगा माधव पुण्यात स्थिरावला. घरातल्या लग्नांच्या, बारशांच्या, सहलींच्या तारखा जुळवायचं खातं आपसूक माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी मी जाहीर केलं की यंदा नाताळाच्या सुट्टीत सगळ्या घराने मिळून समुद्रावर जायचं, आणि तेही हॉटेलात नाही, तंबूत राहायचं. कारवारकडे दोन टेकड्यांच्या मधे अर्धचंद्रासारखा वळलेला एक किनारा मी शोधून काढला होता. फोटोत पाणी इतकं निळं होतं की माझ्या मुलीने, चिनूने, तो फोटो फ्रीजवर चिकटवून टाकला.

दर रविवारी फोनवर सगळ्यांची बैठक भरायची. माधवला पाठदुखी, त्याला गादी हवी. माझ्या नवऱ्याला शेकोटी हवी. काकूला हे सगळं खूळ वाटायचं. “घर असून रानात निजायला इतक्या लांब जायलाव?” ती विचारायची. अण्णा पडद्यावर नेहमी अर्धेच दिसायचे, एक कान आणि टोपी. चिनू त्यांना तंबूची चेन कशी लावायची ते समजावून सांगायची आणि ते पुन्हा पुन्हा विचारायचे, “आतनं लावायची का भाईरनं?” माधवची आणि माझी कुणी कुठे झोपायचं यावरून जुंपली की मधेच म्हणायचे, “माझंच चुकलं, मला धरून तुमी मोजायलाव म्हनून जागा कमी पडायली.”

सगळ्यांच्या रजा जुळल्या, तंबू ठरले, गाडी ठरली. मग एका रविवारी काकू सहज म्हणाली, “पन त्या दिशी येळवस हाय की.”

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि रानं भरतात. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, पिकांवर आंबील शिंपडायची आणि भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. ओळखीचा, बिनओळखीचा कुणीही यावा आणि बसावा. अण्णांचा वर्षाचा खरा सण हाच. ते आदल्या दिवसापासून कोपीच्या तयारीत असायचे. आम्ही कुठेही असलो तरी या दिवशी दुबलगुंडीला पोचायचो. तारीख मात्र मी कधी पाहिलीच नव्हती. दर वर्षी अण्णांचा फोन यायचा, “माय, येळवस आली गं,” आणि मी रजा टाकायची. त्या वर्षी त्यांच्या आधी मीच फोन करून तारखा सांगून मोकळी झाले होते.

काकूचं ऐकून मी कॅलेंडर उघडलं, तारीख तीच होती. तेवढ्यात तो एक कान आणि टोपी हलली. “माझंच चुकलं,” अण्णा म्हणाले. “मी कवाच सांगाय पायजे होतं.”

आणि मी म्हणाले, “हो ना अण्णा! आधी सांगायचं ना!”

माझ्या आवाजात केवढा सुटकेचा आनंद होता, तो मला अजून ऐकू येतो. माधव म्हणाला, रद्द करू. चिनू रडायला लागली. मी गप्प राहिले, कारण मला रद्द करायचं नव्हतं. अण्णांनीच तोडगा काढला. “शेजारचा बाबूराव आपल्या रानात बी आंबील शिंपडल. मी येतो की तुमच्यासंगं. मी हितं ऱ्हायलो तर तुमी तितं बसून माझाच इचार करनार. लेकरू कामून रडायलंय, गप करा तिला.”

आले. स्वच्छ धोतर, नवा स्वेटर घालून आले. रात्रभर गाडीत अवघडून बसले आणि उतरल्यावर सगळ्याला छान म्हणाले. समुद्र छान, तंबू छान, त्या तंबूवाल्याचा पाणचट सांबारही छान. चिनूने त्यांना पाण्यात ओढलं तेव्हा धोतर वर खोचून लाटेला नमस्कार करून आत गेले. मी फोटो काढत सुटले. बघा, म्हातारा किती खूश आहे, असं मी सगळ्यांना दाखवत होते. सगळ्यांत जास्त स्वतःला दाखवत होते.

अमावास्येच्या सकाळी मी तंबूतून बाहेर आले. किनाऱ्यावर जी चार माणसं उठली होती ती समुद्राकडे तोंड करून बसली होती. एकटे अण्णा समुद्राकडे पाठ करून, टेकड्यांकडे बघत बसले होते. आमचं रान त्या दिशेला. मी जाऊन शेजारी बसले.

“आता बाबूराव आंबील घिऊन निघाला असंल,” ते म्हणाले. “येळवसला आपुन रानात न्हाई, असं कधी झालंच न्हाई गं. कोप बी न्हाई तितं आज.”

मी म्हणाले, “अण्णा, चुकलं माझं. मी बघायला हवं होतं.”

मी वाट बघत होते. आता ते म्हणतील, न्हाई माय, माझंच चुकलं. आणि मी डोळे पुसून चहा आणायला जाईन. आयुष्यभर हेच तर घडत आलं होतं.

अण्णांनी वाळूवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, “व्हय माय. चुकलं तुझं.”

आवाजात राग अजिबात नव्हता. “तू तारीक सांगितलीस त्याच दिशी मी वळखलो होतो. वाटलं, तू इचारशील. अण्णा, येळवस कवा हाय, इतकंच. रोज फोन वाजला की वाटायचं, आता इचारती.” मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उठले. “चल, लेकरं उठली असतील.”

त्या दिवशी ते मुलांबरोबर वाळूचा किल्ला करत होते, हसत होते. परत येताना गाडीतही कुणाला काही बोलले नाहीत. मला फार वाटायचं, की येत्या येळवसला दोन दिवस आधी जायचं, त्यांच्या हाताखाली कोप बांधायची, हे सगळं भरून काढायचं. पण श्रावणात एका दुपारी अण्णा रानातून येऊन ओसरीवर टेकले आणि तिथेच गेले. काकू पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या येळवसला आम्ही सगळे दुबलगुंडीला गेलो, कुणीही चुकलं नाही. माधवने आणि मी बांधलेली कोप एका अंगाला कलली. बाबूरावांनी ती नीट केली, काकूने पाचही पांडवांना चुना लावला. आंबिलीचं मडकं माझ्या हातात देताना ती म्हणाली, “शेवटच्या येळवसला त्येंच्या पायाला रानाची माती लागली न्हाई बग.” ती मला बोल लावत नव्हती, नुसती आठवण सांगत होती. मी मडकं घेतलं आणि हरभऱ्यात शिरले.