वन्संच्या नळाची धार

चार घरांच्या सामाईक विहिरीचा पंप जिच्या ताब्यात होता, त्या बाईला सगळे पंपकाकू म्हणत. आधी तिचा नवरा हे काम बघायचा. तो गेल्यावर काकूंनी पाना हातात घेतला आणि मागे वळून पाहिलं नाही. पंपाला बाहेरच्या माणसाने हात लावलेला त्यांना खपत नसे. मोटार कुरकुरली की काकूंना घरबसल्या कळे, आणि काकू कुरकुरल्या की अख्ख्या गल्लीला.

या वेळी मात्र गोष्ट जिव्हारी लागली. शेवटच्या घरात त्यांची थोरली नणंद एकटी राही. तिची मुलगी भेटायला आली, वरच्या न्हाणीघरात बादली भरेपर्यंत ताटकळली आणि म्हणाली, "आई, पुरे झालं. रविवारी माझ्याकडे चल, कायमची." नणंद हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तासभर भांडून पुन्हा सोबत चहाला बसता येईल असं काकूंना हे एकच माणूस उरलं होतं. तेही पाण्यापायी जाणार? काकूंनी बाह्या सरसावल्या.

"पाणी मी आणून दाखवते," त्यांनी भाचीला सुनावलं. "तू बॅगा भरायची घाई करू नकोस."

मोटार सारखी चालू-बंद होत होती. काकूंनी दाबाच्या टाकीवर वरपासून खालपर्यंत टिचक्या मारल्या. सगळीकडे भरीव आवाज. म्हणजे टाकीतली हवा गेली होती आणि पाण्याला ढकलायला आत कोणी उरलं नव्हतं. वीज बंद करून त्यांनी टाकी रिकामी केली आणि सायकलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. नाकी नऊ आले, पण मोटार सुरू करताच तीन घरांचे नळ धो धो वाहू लागले. शेजारचा शिंपी ओलाचिंब होऊन तक्रार करायला आला. काकूंना फार बरं वाटलं.

नणंदेकडे मात्र तीच करंगळीएवढी धार. काकूंनी तडक तिच्या ओट्याखाली डोकं घातलं. घराचा मुख्य व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होता.

"वन्सं, हा कोणी फिरवला?"

"मीच. उन्हाळ्यात तू म्हणालीस ना वहिनी, तुझ्याकडे पाणी चढत नाही. माझं एकटीचं काय, भागतं. मग रोज थोडा थोडा बंद करत गेले."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू उघडून गेली असतीस."

काकूंना राग आला आणि रडूही आलं. त्यातला राग सोपा, म्हणून आधी तोच काढला. "माझ्या आंघोळीसाठी तुम्ही घर सोडायला निघालात? आणि मी मग भांडायचं कोणाशी, नळाशी?"

त्यांनी व्हॉल्व्ह पुरता उघडला. बादली बघता बघता भरून वाहिल्याचं भाचीने वरून ओरडून सांगितलं. तेवढ्यात काकूंनी पान्याने व्हॉल्व्हचं चाकच काढून पर्समध्ये टाकलं.

"आणि मला बंद करायचा असला तर?" वन्संनी विचारलं.

"तर माझ्या दारात येऊन चाक मागायचं. मुलीच्या घरून रोज येणं तुम्हाला झेपायचं नाही."