समुद्राला सोडलेला पुणेकर माड

भिंत बांधण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. बिबवेवाडीतल्या निम्म्या सोसायट्यांच्या कंपाउंडच्या भिंती माझ्या आहेत आणि पडली म्हणून अजून कोणाचा फोन आलेला नाही. त्यामुळे श्रीवर्धनच्या बाजूच्या एका लहान गावातून ताईचा फोन आला, "अवि, समुद्र पार वाडीपर्यंत आला रे," तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. डिकीत मापाची टेप होती आणि डोक्यात भिंत बांधून तयार होती.

ताईची वाडी म्हणजे घरापुढची नारळी-पोफळीची बाग. तिच्या समुद्राकडच्या रांगेत एक माड (नारळाचं झाड) आमच्या बाबांनी ताईच्या लग्नाच्या वर्षी लावलेला. बाबा गेले, माड राहिला. गावात त्याला 'पुणेकर' म्हणतात. उशिरा फळायला लागला आणि नारळ मोजून देतो म्हणून. मला तो वाचवायचा होता, बाकी काही नाही.

ताम्हिणी घाट उतरून माणगावला मिसळ खाल्ली. पुण्याबाहेरच्या मिसळीला चांगलं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून गप्प बसतो.

पोचलो तेव्हा ओहोटी होती. ओली वाळू कोब्यासारखी टणक लागली, तशी गाडी थेट पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) नेऊन बाबांच्या माडासमोर उभी केली. ताईचे शेजारी नथूकाका होडी रंगवत होते.

"पाव्हणं, गाडी वर देवळापाशी लावा."

"अहो काका, लक्ष्मी रोडला लावतो मी गाडी. हे काय!"

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोलकढी होती. सोलकढीची दुसरी वाटी संपते न संपते तोच बाहेर आरडाओरडा झाला. भरती आली होती आणि माझी मागची चाकं वाळूत रुतली होती. नथूकाकांच्या हाकेसरशी शेजारपाजारची बायामाणसं धावून आली. त्यांनी चाकांखाली ओंडके सारले, दोर बांधला आणि होडी ओढतात तशी आरोळी ठोकून गाडी ओढायला सुरुवात केली.

"अहो, गाडी आहे ती, होडी नाही! बंपर सांभाळा!"

"पाण्यात हाय तवर होडीच," नथूकाका म्हणाले. बंपर काही सांभाळला गेला नाही.

संध्याकाळी मी टेप काढली, तशी ताई म्हणाली, "भिंत नको, अवि. गावानं ठरवलंय. पुढची पट्टी समुद्राला सोडायची आणि सगळ्यांनी आपापले गडगे मागे घ्यायचे." गडगा म्हणजे चिऱ्यांचं रचलेलं कुंपण.

"डोकं फिरलंय का तुमचं? बाबांचा माड समुद्राला देणार?" मी ओरडलोच.

भावोजी शांतपणे म्हणाले, "अविनाशराव, उद्या शेजारच्या गावची भिंत बघून या. मग बोलू."

बघून आलो. भिंतीचं काम चोख होतं, मीही तसंच केलं असतं. पण तिच्या पायाशी पुळण उरलीच नव्हती. लाट भिंतीवर आपटायची आणि परत जाताना वाळू ओढून न्यायची. होड्या ओढायला जागा नाही, म्हणून त्या रस्त्याकडेला पडलेल्या. भिंत जिथे संपत होती तिथे समुद्र बाजूच्या घरात शिरला होता. आपल्या वाडीपुढे भिंत बांधली असती, तर ते बाजूचं घर नथूकाकांचं असतं. मी टेप खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी गाव गडगा हलवायला जमलं. तिथली रीत अशी, की पहिला चिरा मालकिणीनं उचलायचा. तोवर कोणी हात लावत नाही. ताई माडाकडे बघत उभी राहिली. रडत होती. सगळे थांबले होते, घाई कर असं कोणी म्हणालं नाही. शेवटी मी जाऊन तिच्याबरोबर चिरा धरला. आयुष्यभर कुंपणं घातली, काढायची ही पहिलीच वेळ. मग चिरे हातोहात मागे गेले. नवी ओळ मीच आखली, गावानं ठरवलं होतं त्याहूनही थोडी मागे. "पुणेकर सुधारला," नथूकाका म्हणाले.

पुण्यात परतलो, कामाला लागलो. पावसाळा उलटल्यावर ताईचा फोन आला.

"माड गेला रे, अवि."

मी साइटवर होतो. सिमेंटच्या पोत्यावर बसलो. "रडलीस?"

"रडले की. पण ऐक. समुद्रानं पुळण केवढी रुंद केलीय! सगळ्या होड्या मावतात. ओढ्यानं मात्र वाट बदलली, त्यावर साकव हवा होता, लहानसा पूल. नथूकाकांनी माडाचं खोडच आडवं टाकलं. आता अख्खा गाव पुणेकरावरून ये-जा करतो. म्हणतात, शेवटी आला बुवा कामाला!"

ती हसत होती, मीही हसलो, डोळे पुसले. उद्या सकाळी निघतोय. बाबांच्या माडावरून एकदा चालून यायचंय.

गाडी देवळापाशी लावेन.