बारीक टकटक

मुठीएवढं वाफेचं इंजिन आज सकाळी गॅरेजमधल्या टेबलावर अखेर फिरायला लागलं. स्पिरिटच्या दिव्यावर बॉयलर तापला, पितळी चाकाला मी बोटाने ढकललं आणि ते थांबलंच नाही. लेथवर वाकून घडवलेला एकेक भाग आता माझ्याशिवाय चालत होता. मी हात पुसले. पुन्हा पुसले. ते कुठे ठेवावेत तेच कळेना.

मग कान देऊन ऐकलं, तर बारीक टकटक. मी लगेच पाना उचलला.

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, छान चालतंय की! आता काय झालं?"

"आवाज येतोय."

"आधीच्या इंजिनालाही येत होता. ते अजून डब्यात सुटं पडलंय."

ती गेली. चहावर साय धरली. परगावी राहणारी लेक 'मी मजेत आहे' असं फोनवर सांगते, तेव्हाही मी तिच्या आवाजात सर्दी शोधतो. सगळं ठीक असणं मला सोसत का नाही? बिघडलेल्या गोष्टीला मी लागतो. चालत्या गोष्टीला कोण लागतं?

चाक फिरतच होतं, त्यावर उन्हाचा ठिपका थरथरत होता. मी दिवा विझवला. चाक मंदावलं, थांबलं. पहिला स्क्रू सैल झाला आणि सकाळपासूनचे अस्वस्थ हात निवले.

टकटक मात्र तशीच चालू होती, पाठीमागच्या भिंतीवरच्या घड्याळात.